रेघ पाण्याइतकी पांढरी नव्हती

“‘स्टेबल’च्या आधी फक्त दोन अक्षरं घाल,” होनराव सर म्हणाले. “यू आणि एन. बाकीचा रिपोर्ट आहे तसा राहू दे. छान लिहिला आहेस.”

मी खुर्चीत होते, ते उभे होते. मी उठायला लागले तेव्हा त्यांनी हातानेच ‘बस’ म्हणून खुणावलं. कॉलेजात त्यांनी आम्हाला हाडांचा विषय शिकवला होता. आता मी चौतीस वर्षांची होते, स्वतःच्या नावाची पाटी असलेल्या खोलीत बसत होते. तरी ते दारात आले की मी अजून उठून उभी राहायची.

“सर, त्या दोन अक्षरांनी अर्थ उलटा होतो.”

“म्हणूनच घाल म्हणतोय.”

ही दोन हजार नऊ सालची गोष्ट. सोलापुरात तेव्हा एमआरआयची मशिनं मोजकी होती. त्यातल्या एका खासगी स्कॅन सेंटरमध्ये मी रेडिओलॉजिस्ट होते. मशिनमधून येणारी चित्रं बघायची आणि त्यांत काय दिसतं ते लिहून द्यायचं, एवढंच माझं काम. पेशंटला औषध देणं, कापणं, टाके घालणं माझ्याकडे नव्हतं. आमच्याकडे येणाऱ्या गुडघ्या-खांद्यांपैकी निम्म्याहून जास्त डॉ. रत्नाकर होनराव पाठवायचे. गावात कुणी पडलं, मोडलं की त्यांच्याकडे जायचं, आणि ते त्याला उभं करायचे. माझ्या वडिलांचा खुबा त्यांनीच बसवला होता. वडील पुढे दहा वर्षं रोज सकाळी फिरायला जात.

आमचं बोलणं चाललं होतं ते हारिका बोद्दूल नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीच्या उजव्या गुडघ्याबद्दल. हारिका खो-खो खेळायची. जिल्ह्याच्या चौदा वर्षांखालच्या संघात तिची निवड झाली होती आणि राज्य स्पर्धा पाच महिन्यांवर होती. गुडघा तीन महिन्यांपासून दुखत होता, पण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. एक दिवस तो एवढा सुजला की शाळेचा बूट घालायला तिला वाकता येईना, तेव्हा आईने तिला होनराव सरांकडे नेलं.

चित्रं स्वच्छ आली होती. मांडीचं हाड गुडघ्यात जिथे संपतं तिथे दोन गोलवे, म्हणजे गोलसर उंचवटे, असतात. त्यांतल्या आतल्या गोलव्यावर चिंचोक्याएवढा एक तुकडा रक्त न पोचल्यामुळे मलूल पडला होता. त्याच्यावरची कूर्चा, म्हणजे सांध्याचं गुळगुळीत अस्तर, मात्र शाबूत होती. प्रश्न एवढाच होता की तो तुकडा जागा धरून आहे की सुटत चालला आहे. धरून असेल, तर एवढ्या वयात नुसत्या विश्रांतीने तो पुन्हा जिवंत होऊ शकतो. सुटत असेल, तर स्क्रूने बसवावा लागतो. नाहीतर एक दिवस तो सांध्यात गळून पडतो आणि हाडात खड्डा राहतो.

मी लिहिलं होतं: तुकडा स्थिर आहे.

सरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि पेनाचं टोक एका जागी टेकवलं.

“ही रेघ दिसते? तुकड्याच्या मागे? पांढरी आहे. पांढरं म्हणजे पाणी. पाणी मागे शिरलं म्हणजे तुकडा सुटला. मीच शिकवलंय तुला.”

“मोठ्या माणसांत, सर. हिच्या हाडांच्या वाढीच्या रेषा अजून उघड्या आहेत. आणि ही रेघ पाण्याइतकी पांढरी नाही. हे इथे सांध्यातलं पाणी बघा. आता रेघ बघा.”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फिल्मला नाक लागेल इतके जवळ गेले. बराच वेळ बघत राहिले.

“करडी आहे,” ते म्हणाले. “जराशी.”

“भरून येणारं हाडही असंच दिसतं.”

“आणि सुटणारंही. कधी कधी.”

“हो,” मी म्हणाले. “कधी कधी.”

मग ते बसले. त्यांचा आवाज खाली आला.

“आठ वर्षांपूर्वी एक मुलगा होता माझ्याकडे. बार्शीचा. हाच तुकडा, हीच जागा. मी म्हटलं, लहान आहे, थांबू. थांबलो. सातव्या महिन्यात पळता पळता तुकडा सुटला. त्याचा गुडघा आज एकविसाव्या वर्षी म्हाताऱ्या माणसाचा आहे, वैजयंती. त्याचा बाप अजून मला दिवाळीला मिठाई आणून देतो. ती माझ्या घशाखाली उतरत नाही. मी आता थांबत नसतो.”

मला हे माहीत नव्हतं.

“मग ऑपरेशन करा ना, सर. तुमचा पेशंट आहे. माझ्या रिपोर्टची वाट कशाला बघता?”

“आमच्या हॉस्पिटलच्या ट्रस्टचा नियम आहे. सोळा वर्षांखालच्या पेशंटला कापायचं तर दोन डॉक्टरांची मतं जुळावी लागतात. मीच करून घेतलाय तो नियम.” ते किंचित हसले. “तेव्हा घाल ती दोन अक्षरं.”

“नाही, सर.”

“तुला खात्री आहे तो भरून येईल याची?”

या प्रश्नाचं मी उत्तर दिलं नाही. “मला जे दिसतंय ते मी लिहिलंय,” एवढंच म्हणाले. त्यांनी फिल्म काढली, पाकिटात घातली आणि निघून गेले. जाताना दार आपटलं वगैरे नाही. हलकेच लावून घेतलं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी आमच्या सेंटरचे मालक शिराळकर माझ्या खोलीत आले. ते स्वतः डॉक्टर नव्हते, पण वीस वर्षं डॉक्टरांमध्ये वावरलेला गोड बोलणारा माणूस होता.

“मॅडम, मधला रस्ता काढू. तुम्ही ‘अस्थिर’ लिहू नका. ‘अस्थिर असण्याची शक्यता नाकारता येत नाही’ असं लिहा. खोटं नाही ना त्यात?”

“शक्यता तर तुमच्याही गुडघ्यात नाकारता येत नाही,” मी म्हणाले.

ते हसले नाहीत. त्या आठवड्यापासून होनराव सरांच्या दवाखान्यातून येणाऱ्या चिठ्ठ्यांवर खाली लाल शाईत एक ओळ यायला लागली: ‘रिपोर्ट डॉ. कुलथे यांनी करू नये.’ कुलथे म्हणजे मी. सांधे मुंबईच्या कुणा डॉक्टरांकडे ईमेलने जाऊ लागले आणि माझ्याकडे पाठीचे मणके आणि पोटं तेवढी उरली. रिसेप्शनवरची मुलगी चिठ्ठ्या माझ्या टेबलावरून नेताना त्या उलट्या धरायची, मला ती ओळ दिसू नये म्हणून.

पण त्याआधी, सर येऊन गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, नरसूबाई आल्या.

नरसूबाई हारिकाची आई. विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत राहणाऱ्या, विड्या वळणाऱ्या. नवरा भिवंडीला यंत्रमागावर कामाला असायचा. त्या चिठ्ठी न काढता, वेळ न घेता सरळ माझ्या खोलीत आल्या. मागे हारिका होती. काटकुळी, उंच, तेल लावून घट्ट बांधलेल्या दोन वेण्या. ती बसली नाही. उजव्या पायावर भार न देता दाराला टेकून उभी राहिली.

“मॅडम, सर म्हणाले की ऑपरेशन करायचं. पण मग म्हणाले की तुम्ही कागदावर नाही म्हणून लिहिलात. तुमच्यात भांडण आहे काय ओ?”

“भांडण नाही. मत वेगळं आहे.”

“म्हणजे भांडणच की.” त्यांनी पदर खोचला. “मला दोघांचं भांडण नको. तुम्ही हिच्या पायाच्या आत बघितलात. मला सांगा, हा बरा होईल का?”

रेडिओलॉजिस्टने अशा वेळी म्हणायचं असतं की तुमच्या डॉक्टरांना विचारा. मी तोंड उघडलं आणि ते वाक्य माझ्या तोंडातून आलं नाही.

“सगळ्यांचा होत नाही,” मी म्हणाले. “असा गुडघा असलेली शंभर मुलं घेतली, आणि पळणं, उड्या, खेळ सगळं सहा महिने ते वर्षभर बंद ठेवलं, तर साठ-पासष्ट जणांचं हाड आपोआप भरून येतं. हिचा तुकडा फार मोठा नाही, अस्तर फाटलेलं नाही, म्हणून ही त्यांतली असेल असं मला वाटतं. पण वाटतं, एवढंच.”

“आणि बाकीचे पस्तीस?”

“त्यांना शेवटी ऑपरेशन लागतं. तोवर तुकडा आणखी खराब झालेला असू शकतो. थोड्या जणांचा गुडघा कायमचा दुखरा राहतो. सरांना त्याचीच भीती आहे, आणि ती खोटी नाही.”

नरसूबाईंनी माझ्याकडे रोखून बघितलं.

“सर मला नव्वद सांगितले. ऑपरेशन केलं तर शंभरातले नव्वद बरे होतात म्हणाले. मी विचारलं, दहाचं काय होतं? तर म्हणाले, बाई, तुम्ही त्या दहाचा विचार करू नका.” त्या थांबल्या. “मी रोज हजार विड्या वळते, मॅडम. कारखान्यात नेऊन दिल्या की चेकर बघतो आणि छाट काढतो. एवढ्या चांगल्या म्हणतो, एवढ्या फेकतो. फेकलेल्या पण मीच वळलेल्या असतात. त्याचा विचार मी नाही करायचा तर कोण करायचा?”

त्यांनी वळून एकदा हारिकाकडे बघितलं.

“तुम्ही मला पस्तिसांचं सांगितलात. मी तुमचं ऐकते. ऑपरेशन नाही करायचं.”

“अम्मा!” दाराशी टेकलेली हारिका ओरडली. मग ती तेलुगूत भराभर काहीतरी बोलली आणि माझ्याकडे वळली. “सर म्हणाले, ऑपरेशन केलं तर चार महिन्यांत पळशील. तुम्ही वर्ष म्हणताय. वर्षाने मी चौदाच्या वर जाते! मग मला कोण घेणार संघात? तुम्हाला काय कळतं खो-खोचं?”

“काहीच कळत नाही,” मी म्हणाले. “मला फक्त तुझं हाड दिसतं.”

“मग ते बघत बसा!”

नरसूबाईंनी तिच्या दंडाला धरलं. ती हात सोडवून लंगडत बाहेर गेली. पाठमोऱ्या नरसूबाई म्हणाल्या, “तिचं मनावर घेऊ नका. पण ती खोटं बोलत नाही. तिचं नुकसान होणारच आहे. कुणाच्या हातून व्हायचं एवढंच ठरवायचं होतं.”

होनराव सरांनी हारिकाला कुबड्या दिल्या आणि खेळायला बंदी घातली. चार महिन्यांनी त्या दोघी पुन्हा आल्या. सरांनी दुसऱ्या सेंटरची चिठ्ठी दिली होती.

“मी म्हटलं, पहिला फोटो जिथं काढला तिथंच दुसरा,” नरसूबाई म्हणाल्या. “रिपोर्ट पण तुम्हीच लिहायचा म्हटलं. सर अडवले नाहीत.”

मशिन अर्धा तास खडखडत राहिलं. मी पडद्यासमोर बसले होते. पहिलं चित्र उमटलं तेव्हा मी आधी रेघ शोधली. रेघ होती. तशीच होती. चार महिन्यांत जराही भरली नव्हती. आणि शेजारी आणखी काहीतरी होतं. वाटीच्या मागे आणि नडगीच्या हाडाच्या वरच्या भागात धुरासारखा पांढरट पट्टा पसरला होता. हाडाला आतून मार बसला की ते असं दिसतं. हा ताजा मार होता, दोन-तीन आठवड्यांपूर्वीचा. घरात बसलेल्या, कुबड्यांवर चालणाऱ्या मुलीच्या हाडाला असा मार बसत नाही.

मी कपडे बदलायच्या खोलीपाशी गेले. हारिका सेंटरचा निळा झगा काढून शाळेचा गणवेश घालत होती. नरसूबाई खाली पाणी प्यायला गेल्या होत्या.

“किती दिवस खेळतेयस?” मी विचारलं.

तिचा हात बटणावरच राहिला.

“कोण म्हणालं?”

“कुणी नाही. तुझ्या हाडात दिसतंय.”

ती माझ्याकडे बघत राहिली. एवढ्या आतलं कुणाला दिसेल असं तिला वाटलंच नव्हतं.

“सकाळी शाळेच्या आधी,” ती शेवटी म्हणाली. “खुंटावर झेप घ्यायचा सराव. बाकी काही नाही. पळत नाही मी. शपथ.”

“झेप घेतली की गुडघ्यावरच येतेस ना खाली?”

ती एकदम माझ्याजवळ आली.

“मॅडम, हे लिहू नका. अम्माला कळलं तर ती मला शाळेतूनच काढेल. मी आता नाही खेळणार. खरंच नाही. पण लिहू नका. एवढं एकच.”

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती विनंती करत होती, पण मान ताठ होती. मला ती मुलगी तेव्हा फार आवडली, आणि म्हणूनच पुढचं बोलणं अवघड गेलं.

“हारिका, होनराव सर मला म्हणाले होते, एक शब्द बदल. मी नाही बदलला. त्यांनी मला शिकवलंय. माझ्या वडिलांना त्यांनी उभं केलंय. तरी नाही बदलला. आता तू सांग, तुझ्यासाठी बदलला तर त्यांच्यासाठी का नाही बदलला?”

“कारण मी लहान आहे!”

“तुझा गुडघा लहान नाही.”

तिने झगा जमिनीवर टाकला. “तुम्ही वाईट आहात,” ती म्हणाली, आणि अर्धी बटणं उघडी तशीच बाहेर गेली.

मी सगळं लिहिलं. तुकडा अजून स्थिर आहे. बरं होण्याची खूण दिसत नाही. हाडात नव्याने मार दिसतो, सांध्यावर भार पडत असावा. रिपोर्टची एक प्रत होनराव सरांना पाठवली, दुसरी खाली नरसूबाईंच्या हातात दिली, आणि त्यातलं शेवटचं वाक्य त्यांना मराठीत समजावून सांगितलं. त्या हारिकाकडे वळल्या नाहीत. कागदाची चौकोनी घडी घातली, पोलक्यात ठेवली आणि म्हणाल्या, “चल.”

संध्याकाळी टेबलावरचा फोन वाजला. होनराव सर होते. चार महिन्यांत पहिल्यांदा.

“अजून ‘स्टेबल’ लिहिलंयस.”

“अजून स्टेबल आहे, सर.”

“चार महिन्यांत काडीचा फरक नाही. पोरगी खेळतेय. ती काही ऐकणारी नाही. आता तरी समजून घे. तू जे बघतेस ते हाड आहे, वैजयंती. मी पोरं बघतो. पोरं थांबत नाहीत. बार्शीचा मुलगाही थांबला नव्हता.”

हे ते मला पहिल्यांदा सांगत होते.

“तुमचं म्हणणं खरं आहे,” मी म्हणाले. “ती खेळली. तसं मी लिहिलंय. पण ती खेळली म्हणून तुकडा सुटला असं मी कसं लिहू? सुटलेला नाही.”

“आणि पुढच्या वेळी सुटलेला दिसला तर?”

“तर ‘सुटला’ म्हणून लिहीन. खाली सही माझीच असेल. त्या दिवशी तुम्ही मला फोन करू नका, मी करेन.”

मग त्यांनी फोन ठेवला.

पुढचे सहा महिने माझे बरे गेले नाहीत. शिराळकरांनी माझे दिवस आठवड्याला सहाचे तीन केले. एका लग्नात सर समोर आले, मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली आणि पुढे गेले. घरी आई म्हणाली, “वडिलांच्या खुब्याची तरी आठवण ठेवायची होतीस.” मी म्हटलं, “ठेवलीय.” तिला ते पटलं नाही. अधूनमधून दुपारी जेवताना माझ्या डोळ्यांपुढे ती रेघ यायची आणि वाटायचं, आता ती पाण्यासारखी पांढरी झाली असेल. मी घास तसाच ताटात ठेवायची. बार्शीच्या त्या मुलाच्या बापाची मिठाई मलाही दिसायला लागली होती.

हारिकाचं काय चाललं होतं ते मला नंतर नरसूबाईंकडून कळलं. रिपोर्ट घेऊन त्या त्याच संध्याकाळी मैदानावर गेल्या होत्या. सगळ्या मुलींसमोर त्यांनी खेळाच्या सरांना तो कागद दाखवला आणि म्हणाल्या, “हिला खुंटाजवळ बघितलं तर मी तुमच्या खुंटाला स्वतःला बांधून घेईन. मग खेळून दाखवा.” हारिका रडली नाही. घरी आल्यावर तिने आईला विचारलं, “शाळेतून काढणार?” नरसूबाई म्हणाल्या, “शाळेतून कशाला काढू? विड्या वळायला? तू शाळेत जायचं, अभ्यास करायचा, आणि बसायचं.” हारिकाने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी ती कुबड्या घेऊन मैदानावर गेली, कडेला खुर्ची टाकून बसली, आणि रोज बसू लागली. कोण कुठल्या बाजूला वळतं, कोण खो देताना अडखळतं, कुणाचा दम किती मिनिटांनी सुटतो, हे ती एका वहीत लिहायची. संघातल्या मुलींना ती ओरडून सांगायची. पाय मात्र तिने खुर्चीवरून हलवला नाही. राज्य स्पर्धा तिच्याशिवाय झाली.

पहिल्या तपासणीनंतर दहा महिन्यांनी तिसरी तपासणी झाली.

मी चित्रं एकापुढे एक बघत गेले. सातव्या चित्रात तुकडा येतो, हे मला पाठ झालं होतं. सातवं चित्र आलं. मला वाटलं, चुकून आठवं आलं. मी मागे गेले. पुन्हा पुढे आले. मग पहिली फिल्म काढून शेजारी लावली. जिथे करडी रेघ होती तिथे आता हाड होतं. तुकडा आजूबाजूच्या हाडासारखाच दिसत होता. फक्त एका कडेला मसुराच्या डाळीएवढा ठिपका राहिला होता. धुरकट पट्टाही गेला होता.

मी रिपोर्ट लिहिला. ‘पूर्ण बरा’ असं लिहिलं नाही. ठिपका होता, म्हणून ठिपका लिहिला. आणि मग मी स्वतःच सरांना फोन केला.

होनराव सर अर्ध्या तासात आले. चष्मा कपाळावर, नाक फिल्मला. मी उठले नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

“भरलं,” ते म्हणाले.

“बरंचसं. एक कड बाकी आहे.”

ते खुर्चीत बसले. त्यांनी माफी मागितली नाही, आणि मागावी असं मला वाटतही नव्हतं.

“म्हणजे पोरगी साठातली निघाली.”

“हो.”

“नशीब तुझं. पस्तिसातली निघाली असती तर?”

“तर तिला ऑपरेशन लागलं असतं. तुम्ही केलं असतं. आणि तुम्ही जन्मभर मला म्हणाला असता, मी सांगत होतो.”

“म्हणालोच असतो.”

“पण सर, पहिला रिपोर्ट तोच राहिला असता. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नसतं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“तुम्ही तेव्हा विचारलं होतं, खात्री आहे का. मी उत्तर दिलं नव्हतं. मला खात्री नव्हती, सर. एक दिवसही नव्हती. तो भरून येईल हे मला माहीत आहे म्हणून मी अडले नाही. त्या दिवशी तो सुटलेला नव्हता, एवढंच मला माहीत होतं. पुढचं मला दिसत नव्हतं आणि तुम्हालाही दिसत नव्हतं. तुम्ही मात्र दिसतंय म्हणून लिही म्हणत होतात.”

मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. त्यांचे कान लाल झाले. ते उठले, दारापर्यंत गेले, तिथे थांबले.

“बार्शीच्या मुलाची फिल्म अजून आहे माझ्याकडे,” ते म्हणाले. “एकदा बघशील?”

“बघेन,” मी म्हणाले. “पण जे दिसेल तेच सांगेन.”

“म्हणून तर विचारतोय,” ते म्हणाले आणि गेले. पुढच्या आठवड्यात ती फिल्म आली. त्या मुलाची रेघ पहिल्या दिवसापासून पाण्याइतकी पांढरी होती. तेव्हा गावात ती वाचून सांगणारं कुणी नव्हतं. मी सरांना ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. लाल शाईतली ती ओळ त्यानंतरही तीन महिने येत राहिली, मग एक दिवस यायची थांबली.

त्या दिवशी सर गेल्यावर मी बाहेर आले. नरसूबाई आणि हारिका बाकावर बसल्या होत्या. हारिकाची उंची दहा महिन्यांत चार बोटं वाढली होती.

“भरून आलंय,” मी म्हणाले. “आणखी सहा आठवडे चालायचं फक्त. मग हळूहळू पळायला लागायचं.”

नरसूबाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले आणि बसल्या जागी मागे-पुढे झुलायला लागल्या. हारिका उठून उभी राहिली. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन.

“गेल्या आठवड्यात माझा वाढदिवस झाला,” ती म्हणाली. “मी चौदा पूर्ण केली.”

“माहीत आहे. रिपोर्टवर जन्मतारीख असते.”

“तुमच्यामुळे माझी चौदाखालची राज्य स्पर्धा गेली.”

“गेली,” मी म्हणाले.

“मी विसरणार नाही.”

“विसरू नकोस.”

नरसूबाई तिच्यावर तेलुगूत खेकसल्या. बहुधा पाया पड म्हणत होत्या. ती वाकली नाही. तिने हात पुढे केला. सामना संपल्यावर समोरच्या संघाशी करतात तसा. मी तो हातात घेतला. तळहात कोरडा आणि घट्ट होता. तिने एकदाच जोरात दाबला आणि सोडला.

“सतराखालचा संघ असतो,” ती म्हणाली. “आता बघा.”

आणि कठड्याला हात न लावता ती जिना उतरून गेली.